काळभैरव गिरणीत

काळभैरव नेरळला आला तो कुरियरच्या टेंपोतून. दोन माणसांनी त्याला तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि जाताना पाणीसुद्धा मागितलं नाही, कारण मागायला आवाज फुटत नव्हता. ओमकारच्या आईने खोका बघून विचारलं, "फ्रीज मागवलास का रे?"

फ्रीज नव्हता, अ‍ॅम्प होता. गिटारचा नाजूक आवाज घ्यायचा, त्याला चिरडायचं, जाळायचं, फुगवायचं आणि ऐकणाऱ्याच्या छातीवर फेकायचं, हे त्याचं काम. हेवी मेटल नावाचं जे संगीत आहे त्याला हे सगळं लागतं. अ‍ॅम्पच्या तोंडावर एक कवटी रंगवलेली होती आणि कवटीखाली रुपेरी अक्षरात विक्रांत ठोसर याची सही होती. या धंद्यात नामांकित वादक आपल्या कानाला पटेल असा अ‍ॅम्प कंपनीकडून बनवून घेतो आणि त्यावर सही करतो. ठोसरने आपल्या अ‍ॅम्पचं नाव काळभैरव ठेवलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'थेट नरकातून'.

ओमकारचं वय सव्वीस, केस खांद्यापर्यंत, आणि कामधंदा विचारला की घरातले विषय बदलत. अ‍ॅम्प बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने काही होतकरू गिटारवाल्यांना एकेक काळभैरव पाठवला होता. प्रत्येकाने तो पूर्ण आवाजात वाजवायचा, पारखायचा आणि रविवारपर्यंत व्हिडिओ पाठवायचा. ज्याची पारख खुद्द ठोसरला पटेल, त्याला कंपनीत कायमचं काम. नवे अ‍ॅम्प तपासायचे आणि गावोगावी वाजवून दाखवायचे. असलं काम जगात असतं आणि ते आपल्याला मिळू शकतं, या कल्पनेने ओमकारला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

पप्पांचं जेवण व्यवस्थित चालू होतं. "जमलं तर उत्तम," ते म्हणाले. "नाही जमलं तर सोमवारपासून कर्जतला टाइल्सच्या दुकानात. मी शब्द दिलाय."

ओमकारने अ‍ॅम्प लावला. आवाजाचं बटण एकावर असताना तो डबीत कोंडलेल्या डासासारखा वाजत होता. असल्या अ‍ॅम्पची खरी जात कळायला बटण निम्म्याच्या वर न्यावं लागतं. ओमकारने नेलं. स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडणीवरून चालायला लागल्या आणि पाचव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले.

"ओमकार, ड्रिलिंगचं काम काढलंयस का? दुपारी बंद ठेवायचं असतं रे बाबा. आणि आधी अर्ज द्यायचा असतो."

शेवटी आईलाच आपला भाऊ आठवला. दशरथमामाची कर्जतजवळ कोंडाणे रस्त्याला भातगिरणी होती, आणि ती सध्या बंद होती.

"मोटर जळली ना," मामा फोनवर म्हणाला. "खोपोलीला वायंडिंगला दिलीय. त्यो रोज उद्या म्हनतो. तू ये बिनधास्त. थ्री फेज लाइन हाय, भिती जाड हायत, गावापास्नं लांब हाय."

"आवाज खूप होईल हां मामा."

"अरं, गिरणीत आवाज नाय करायचा, मग काय देवळात करायचा?"

शनिवारी सकाळी काळभैरव मामाच्या अंगणात उतरला. रोहिणीमामीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "नाव काय म्हनालास?"

"काळभैरव."

मामी आत गेली आणि हळदकुंकू घेऊन आली.

"मामी, मशीन आहे ते."

"असू दे की. नाव कुनाचं हाय?" मामीने कवटीच्या कपाळावर बोट टेकवलं. कुंकू लागल्यावर ती कवटी जरा घरातली वाटायला लागली.

मामाने अ‍ॅम्प गिरणीत पोचवला, किल्ली ओमकारच्या हातात दिली आणि टेंपो खोपोलीकडे वळवला. "आज त्याच्या उरावर बसून मोटर आनतो," तो म्हणाला. हे तो आठवडाभर म्हणत होता.

गिरणी ओमकारला फार आवडली. उंच पत्रे, जाड भिंती, सगळीकडे कोंड्याचा वास, आणि मधोमध मोटर नसलेलं ते यंत्र मुकाट उभं. त्याने यंत्रासमोर अ‍ॅम्प ठेवला, मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वारा नको म्हणून दार लावून घेतलं. मग कॅमेऱ्याकडे बघून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मित्रांनो, हा आवाज ऐकलात तर नरकाचं दार उघडल्यासारखं वाटेल."

अ‍ॅम्प पारखायची एक रीत असते. एकच छोटा तुकडा त्याच वेगात, न थांबता वाजवत राहायचा आणि एका वेळी एकच बटण फिरवायचं. तुकडा बदलला की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. ओमकारने सगळ्यात जाड तार आणखी सैल करून तिचा सूर खाली उतरवला, तळहात तारांवर दाबला आणि सुरुवात केली. घर्र घर्र घर्र घर्र. पत्रे थरथरले. छपरातल्या चिमण्यांनी जागा सोडली. ओमकारच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं त्याला बरं वाटलं.

एकच गोष्ट खटकत होती. खालचा जाड आवाज घट्ट बसत नव्हता, जरा पसरत होता. बटणं फिरवून झाली तरी पसरतच होता. पण ज्याची सही आहे त्याच्याकडूनच नोकरी हवी असेल, तर असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही. ओमकारने ते मनातच ठेवलं आणि वाजवत राहिला.

आता वाचकांना भातगिरणीबद्दल एक सांगायला हवं. तिला पाटी लागत नाही. तिचा आवाज हीच तिची पाटी. घर्र ऐकू आलं की गिरण चालू, नाही आलं की बंद, इतका सरळ कारभार असतो. दिवाळी उलटून गेली होती, झोडणी आटोपली होती, नवं भात घराघरात येऊन पडलं होतं आणि गिरण बंद म्हणून लोक डब्याच्या तळातला तांदूळ पुरवून खात होते. त्यांचे कान कोंडाणे रस्त्याकडे लागलेलेच होते. आणि चालू गिरणीत उगाच कुणी शिरत नाही, कारण धूळ असते. पोतं बाहेर रांगेत ठेवायचं, झाडाखाली बसायचं. पोतं आपला नंबर सांभाळतं.

पुष्कळ वेळाने बोटं दुखायला लागली तेव्हा ओमकारने हात थांबवला आणि जरा वारा घ्यायला दार उघडलं.

दारापासून थेट रस्त्यापर्यंत पोती लागली होती. चिंचेखाली माणसं बसली होती. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी लेकराला झोपवलं होतं. एक टेंपो मागे घेत आणखी पोती उतरवायच्या बेतात होता.

"आदीचं झालं का भरडून?" सगळ्यात पुढच्या पोत्याशेजारी बसलेल्या हिरूने विचारलं. तो वरच्या ठाकूरवाडीतला. पोतं सायकलवर घालून उतार उतरून आला होता.

"कुठलं आधीचं?"

"आतलं."

ओमकारने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "गिरणी बंद आहे. मोटर नाहीये. मी आत गिटार वाजवत होतो."

चिंचेखाली माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग नागू उठला. नागू हा गावातला जुना शेतकरी, आणि न पटलेल्या गोष्टीवर हसायची त्याची रीत होती. तो हसला. "गिटार आमी टीव्हीवर बगितलाय. त्याच्यात गानं असतं."

"हे वेगळं संगीत आहे, काका. या, दाखवतो."

दाखवतो म्हणाला तिथेच ओमकार फसला. नागू, हिरू आणि वाडीतलीच म्हातारी जनी असे तिघं आत आले, बाकीचे दारात दाटले. ओमकारने गिटार गळ्यात घातली आणि तोच तुकडा वाजवला. घर्र घर्र घर्र घर्र. सगळ्यांच्या माना समाधानाने हलल्या.

"ह्योच आवाज," हिरू म्हणाला.

"बग," जनी म्हणाली. "मंग खोटं कशाला बोलतूस रं बाबा? एवढं डोक्यावर घिऊन आले मी."

"अहो आजी, ही गिरण नाही. हा फक्त आवाज आहे."

"गिरण नाय त आवाज कशाचा?"

ओमकार संगीत शिकला होता, पण हा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता.

हिरूने यंत्राच्या मोकळ्या जागेकडे बघितलं, अ‍ॅम्पकडे बघितलं आणि निष्कर्ष काढला. "दशरथनं नवी मशीन आनलीय. जुनी मोटर इकली आसंल. ही बारकी हाय, पन वडती चांगली. कुंकूबी लावलंय बग, नवीच हाय."

कुंकवाने पक्कं केलं. ओमकार नागूला गिटारची वायर दाखवून वीज कुठून कुठे जाते ते समजावू लागला. नागू मन लावून ऐकत होता, कारण त्याला वेळ होता. तेवढ्यात जनीने नव्या मशीनचं तोंड शोधलं. अ‍ॅम्पच्या डोक्यावर आतली ऊब बाहेर जायला जाळी असते. जनीने आपल्या पोत्यातलं मूठभर भात आणलं होतंच. तिने ते जाळीतून सोडलं आणि खाली तांदूळ कुठून पडतो ते बघायला वाकली.

आतून तडतड आवाज आला. आतल्या काचेच्या नळ्या चांगल्याच तापलेल्या होत्या. जाळीतून एक पांढरी लाही उडाली आणि कवटीच्या कपाळावरून घसरत जनीच्या पायाशी पडली. मागोमाग दुसरी.

जनीने लाही उचलली, चावली आणि सगळ्यांना सांगितलं, "भरडत नाय ही. लाह्या करती."

ओमकार धावला. त्याने प्लग ओढला. परक्याची वस्तू, त्यावर ठोसरची सही, आणि पोटात भात. नोकरी, पुणं, गावोगावी वाजवणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून टाइल्सच्या दुकानाकडे निघालं. हिरूच्या मदतीने त्याने काळभैरव उलटा केला, हलवला, थोपटला. दाणे पडले. निवल्यावर पुन्हा लावला, देवाचं नाव घेतलं आणि एक तार छेडली.

घर्र. काळभैरव कणखर होता. फक्त आता त्याला लाह्यांचा वास येत होता.

"चालली, चालली," दारातून कुणीतरी म्हणालं, आणि बाहेर पोती एकेक पाऊल पुढे सरकली.

नागू मात्र मान तिरकी करून ऐकत होता. "आवाज बराय," तो म्हणाला. "पन पट्टा ढिला हाय."

ओमकारने चमकून त्याच्याकडे बघितलं. जो पसरणारा आवाज त्याने मनात ठेवला होता, तो नागूने बरोबर पकडला होता.

एवढ्यात दशरथमामा परतला. मोटर आजही मिळाली नव्हती. गिरणीपुढे पोत्यांची रांग बघून आधी त्याला आनंद झाला, कारण सवय होती. मग आठवलं की मोटर नाही, आणि तो टेंपोतच बसून राहिला. लोकांनीच त्याला खाली उतरवलं.

"काय रं दशरथ," नागू म्हणाला, "बहिनीचं भात आदी भरडून देतूस? आमी हितं उनात आनि भाचा आत दार लावून?"

"कसलं भात? मोटरच नाय, भरडू कशानं?"

"सकाळधरनं गिरण चालू हाय, आख्ख्या गावानं ऐकलीय."

"नेरळवाल्यांच्या आदी आमचा नंबर हाय," मागून एक बाई शांतपणे म्हणाली. "सांगायचं व्हतंस, आमी नव्या गिरणीत गेलो असतो."

हे मामाला लागलं. कर्जतजवळ एक नवी गिरणी निघाली होती. ती तांदूळ पांढराशुभ्र करून द्यायची, आणि मामाची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे जाऊ लागली होती. उरलेली ही एवढीच, आणि ती आता त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत होती. मामाने शपथ घेतली, मोटरची रिकामी जागा दाखवली, भाच्याला पुढे करून गिटार दाखवली. जेवढं जास्त दाखवलं तेवढं लोकांना जास्त लपवल्यासारखं वाटलं.

मग त्याने ओठ आवळले आणि टेंपोचा फाळका पाडला. "भरा पोती. मी सोता नव्या गिरणीत नेतो, भरडून घरपोच देतो. मग त झालं?" तो ओमकारकडे वळला. "उचल. आनि माझी गिरण चालू होईस्तोवर तारंला हात लावायचा नाय."

ओमकारने पोती उचलली. टेंपो भरला, कर्जतला रिकामा केला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा केला. दारोदार तांदूळ पोचवले, वाडीतल्या लोकांचे उतारावरून वर वाहिले. जनीचं पोतं उतरवलं तेव्हा तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "लाह्या बऱ्या झाल्या व्हत्या."

रविवारी ओमकारचे हात वर होईनात. बोटांत गिटार धरायची ताकद नव्हती, मामाची बंदी होती ती वेगळीच. हातात होतं ते फक्त मोबाइलमधलं रेकॉर्डिंग, आणि मोबाइल सगळा वेळ चालूच राहिला होता. घरी बसून त्याने ते बघितलं. नरकाचं दार उघडणारं वाक्य होतं, पाठोपाठ घर्र घर्र होतं, आणि पुढे हिरू, नागू, जनी, लाही, सगळं होतं.

तो घाबरला होता. पण ते 'नरक' पुन्हा ऐकल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने ते वाक्य कापून टाकलं आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर बसून जे होतं ते सांगितलं. "लोकांना हे संगीत वाटलं नाही. त्यांना गिरणी वाटली आणि ते भात घेऊन आले. खालचा आवाज पसरतो. मला ते आधीच जाणवलं होतं, मी बोलणार नव्हतो. पट्टा ढिला आहे, हे खरं आहे. लाह्यांबद्दल माफ करा." पाठवलं आणि झोपला.

सोमवारी तो टाइल्सच्या दुकानात रुजू झाला. पप्पा खूश होते. ओमकार गिऱ्हाइकांना बाथरूमच्या टाइल्स दाखवत होता आणि आतून इतका उदास होता की एका बाईने स्वतःहून गडद रंग घेतला. आठवडा संपता संपता फोन वाजला.

"विक्रांत ठोसर बोलतोय."

"सर, दाणे सगळे काढलेत," ओमकार घाईने म्हणाला.

"दाण्यांचं राहू दे. ते काका काय म्हणाले, पट्टा ढिला?"

"हो सर. ते भातगिरणीच्या हिशोबाने म्हणाले."

ठोसर वेगळ्याच आवाजात बोलू लागला. "माझ्या वडिलांची भातगिरणी होती. खालापूरला. मी तिच्या मागच्या खोलीत झोपायचो. गिरण बंद झाली की मला जाग यायची, एवढी सवय. तो आवाज मी जन्मभर शोधतोय. पण कंपनीतल्या इंजिनिअरांना सांगू कसा? हातभर कवट्या गोंदवलेला माणूस मी. भातगिरणीसारखा आवाज द्या म्हणायला लाज वाटली. म्हणून नरक म्हणालो. ते लगेच कामाला लागले."

ओमकारने हातातली टाइल खाली ठेवली.

"बाकीच्या सगळ्यांनी कळवलंय, हुबेहूब नरक," ठोसर म्हणाला. "यांनी नरक कधी ऐकला? तुमच्या लोकांनी मात्र पोती आणली." त्याने घसा साफ केला. "ती गिरणी आता चालू आहे का?"

"मोटर परवा बसली, सर."

"मग मला ऐकव. तुझ्या कामाचं तिथेच बोलू."

ठोसर आला तो काळ्या कपड्यांत, हातात रुपेरी अंगठ्या घालून. गिरणी घरघरत होती आणि बाहेर पोत्यांची रांग होती. लोक मामाकडे परत आले होते. स्वतःच्या टेंपोने दुसऱ्याच्या गिरणीत नेऊन देणारा माणूस चोर नसावा, असं चिंचेखाली ठरलं होतं. ठोसर थेट दारापर्यंत गेला आणि डोळे मिटून उभा राहिला. ओमकार चार पावलं मागे थांबला.

जनीचा नंबर आला होता, आणि हा मनुष्य दार अडवून उभा होता.

"तुजं पोतं कुठाय?" तिने विचारलं.

ठोसरने डोळे उघडले. "नाही आणलं, आजी."

"मग वाटंत का हुबा ऱ्हायलास? ह्ये उचल."

ठोसरने पोतं खांद्यावर घेतलं आणि आत गेला. बाहेर सगळे वाट बघत राहिले. आत गिरण एका लयीत चालली होती आणि तो काही बाहेर येईना. मामा दोनदा आत डोकावून आला आणि दोन्ही वेळा खांदे उडवून बाहेर आला.

शेवटी ठोसर आला. केसांवर, भुवयांवर, काळ्या शर्टावर कोंडा बसून पांढरा झाला होता आणि डोळे लाल होते. त्याने ओमकारच्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी पुण्याला ये. आपल्याला पट्टा ताणायचाय."

ओमकारने मान हलवली.

"आनि माजं झालं का भरडून?" जनीने विचारलं.

ठोसरने आपल्या खांद्याकडे बघितलं. पोतं अजून तिथेच होतं, तोंड बांधलेलं.

जनीने त्याच्याकडे बघितलं, मग ओमकारकडे बघितलं. "ह्योबी त्यातलाच," ती म्हणाली आणि पोतं उतरवून घ्यायला पुढे झाली.